‘सगळे’ असा रकाना नाही

४ फेब्रुवारी

भांडवलशाही माझ्याकडे आली.

कोशाच्या कचेरीत आज ‘भ’च्या उरलेल्या नोंदी वाटल्या. ही एका प्राध्यापकांकडे होती. ते वर्षानुवर्षं मुदत मागत राहिले आणि आता कागदांचा गठ्ठा परत पाठवून मोकळे झाले. गठ्ठ्यात पहिल्या वाक्याचे कितीतरी खर्डे. दुसरं वाक्य कशातच नाही.

मुख्य संपादकांना आम्ही पाठीमागे ‘पूर्णविराम’ म्हणतो. सगळ्या नोंदींना त्यांचा नियम एकच — पहिल्या वाक्यात काय ते, दुसऱ्या वाक्यात केव्हापासून ते. मी म्हटलं, यावर मतभेद फार आहेत. म्हणाले, ‘मतभेद वाचकाला घरी फुकट मिळतात. आपण उत्तर देतो.’

पानं लावणारा जाता जाता म्हणाला, ‘बाई, तुमची नोंद भांडणतंटा आणि भांडीकुंडी यांच्या मधोमध बसतेय. घरच्यासारखं वाटेल.’

सगळे हसले. मीही हसले असेन.

५ फेब्रुवारी

गठ्ठा उघडला. बंद केला.

८ फेब्रुवारी

रविवार. खाली कामाच्या खोलीत बसले.

आमच्या घरात ब्रश होतात. कपड्यांचे, बुटांचे, बाटल्या धुवायचे. सासऱ्यांच्या वेळेपासून. खिडकीखाली एक लांब टेबल. एका टोकाला मोठे भाऊजी मशीनवर लाकडी ठोकळ्यांना भोकं पाडतात. मधे जाऊबाई प्रत्येक भोकात केसांची जुडी तारेने ओढून बसवतात. सासूबाई खुर्चीत बसून केस निवडतात — लांब वेगळे, आखूड वेगळे. दुसऱ्या टोकाला कातरायचं आणि घासायचं काम. ते माझ्या नवऱ्याचं होतं.

थंडी सुरू होताना तो गेला. दुपारी टेबलावर डोकं टेकलं. सगळ्यांना वाटलं, डुलकी लागली. जाऊबाई तर बराच वेळ पावलांचा आवाज न करता वावरल्या — झोपू दे बिचाऱ्याला.

आता ब्रश त्या टोकापर्यंत येतात आणि साठतात. रविवारी मी कातरते. वाकडे होतात.

‘धाकटे, ब्रश कातरतेस की कसला सूड घेतेस?’ — जाऊबाई.

या घरात कुणाला पगार नाही. कधीच नव्हता. विकून येतं ते सासूबाईंच्या डब्यात जातं, माझा कोशातला पगारही त्याच डब्यात. ज्याला लागेल त्याने सांगायचं आणि घ्यायचं. जाऊबाई आधी घेतात, मग सांगतात.

११ फेब्रुवारी

गठ्ठ्याचे चार ढीग केले.

पहिला ढीग म्हणतो, सुरुवात इटलीतल्या व्यापारी शहरांत झाली. पेढ्या, हुंड्या, दुहेरी जमाखर्च. दुसरा म्हणतो, इंग्लंडातल्या कुरणांत — सामायिक जमिनीला कुंपण पडलं तेव्हा. तिसरा म्हणतो, समुद्रावर. जहाजं, साखर, गुलाम. चौथा म्हणतो, वाफेच्या यंत्राआधी काही बोलूच नका.

चारांत सहासातशे वर्षांचं अंतर. प्रत्येक ढीग आपल्या जागी बरोबर दिसतो. दुसऱ्यावर ठेवला की खालचा दबतो.

स्वस्त घ्यायचं, महाग विकायचं — हे तर फारच जुनं. हावही जुनी. पगारही जुना, सैनिकांना होताच. पाणचक्क्या जुन्या. मग नवं काय?

१३ फेब्रुवारी

खर्डा: ‘ज्या अर्थव्यवस्थेत उत्पादनाची साधनं खासगी मालकीची असतात, काम मोबदल्यावर राबणारी माणसं करतात आणि माल नफ्यासाठी बाजारात विकायला तयार होतो, ती भांडवलशाही.’

पूर्णविरामांनी वाचलं. ‘हे काय ते झालं. केव्हापासून?’

१७ फेब्रुवारी

घाऊक व्यापारी घरी आला. आमचे ब्रश तोच उचलतो, काही थोडे भाऊजी स्वतः दुकानांतून देऊन येतात. आजवर सगळं तोंडी. आता त्याला इस्पितळांची आणि हॉटेलांची मोठी मागणी आली आहे. त्यासाठी करार हवा. त्याने छापील कागद टेबलावर ठेवला, केस झटकून.

‘मालकाचं नाव?’

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी जाऊबाईंकडे. जाऊबाईंनी छताकडे.

सासूबाई म्हणाल्या, ‘सगळे.’

‘आजी, सगळे असा रकाना नाही.’

‘मग आखून घ्या. पेन आहे ना खिशात?’

तो हसला. चांगला माणूस आहे. म्हणाला, माझ्या हातात असतं तर आखला असता, पण वरचे लोक ऐकत नाहीत. एकच नाव लागतं. पुढच्या आठवड्यात येतो, ठरवून ठेवा.

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘एवढी वर्षं ब्रश विकतोय, तेव्हा कोणी विचारलं नाही ते.’

१९ फेब्रुवारी

जेवताना नावाचा विषय निघाला.

भाऊजी म्हणाले, ‘माझं नको. उद्या मलाही डुलकी लागली की पुन्हा कागद.’

जाऊबाईंनी त्यांच्या ताटात जोरात भात वाढला.

मग त्याच म्हणाल्या, ‘धाकटीचं घाला. मशीन तिच्याच पगारातून आलंय.’

खरं आहे ते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं. त्याआधी भाऊजी हाताने भोकं पाडायचे, संध्याकाळी मनगट सुजायचं. मी काही महिन्यांचा पगार एकदम दिला होता. म्हणजे डब्यातच टाकला, डब्यातून मशीन आलं. मला तर आठवायलाही वेळ लागला.

मी म्हटलं, ‘नको.’

‘का नको?’ सासूबाई म्हणाल्या. ‘नवरा नाही, मूल नाही. उद्या आम्ही नसलो तर तुला तुझं म्हणून काय आहे? नाव तरी असू दे.’

‘नावाने काय होतंय,’ जाऊबाई म्हणाल्या. ‘नाव कागदावर, ब्रश टेबलावर. खा तू.’

तिघंही माझ्यासाठी बोलत होती, हे कळत होतं. हात बधिर झाला की कुणी दाबलेलं दिसतं, लागत नाही — तसं.

खाल्लं.

२४ फेब्रुवारी

सही केली. व्यापाऱ्याने पेढे आणायचं विसरलो म्हणून माफी मागितली.

जाऊबाईंनी चहा केला. पहिला कप माझ्यापुढे. ‘मालकीणबाई, गरम आहे हं. ओठ भाजले तर आम्हाला काढून टाकाल.’

सासूबाईंना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

२ मार्च

दुसरा ढीग वाचते आहे. कुरणं.

सामायिक कुरणावर कुणाचं नाव नसे. कुणी किती गुरं सोडायची ते गावाला ठाऊक असे, त्यासाठी भांडणंही होत. गवत, सरपण, थोडं दूध — शेत पिकलं नाही तरी माणूस तगून जाई. मग कुरणाला मालक आला. मालकाला कुंपण आलं. गुरं विकावी लागली. मग उरलं ते विकायचं — स्वतःचा दिवस.

प्राध्यापकांनी समासात पेन्सिलीने लिहिलंय: ‘दोष कोणाचा?’ खाली बरीच नावं. सगळी खोडलेली.

५ मार्च

तिसरा ढीग. साखर. उसाच्या मळ्यांवरच्या याद्या — माणसं, खेचरं, कढया, एकाखाली एक.

या माणसांना पगार नव्हता. म्हणजे माझ्या व्याख्येतला ‘मोबदला’ खोटा. नाहीतर या माणसांना व्याख्येबाहेर ठेवायला हवं. आधी जहाजाच्या तळाला ठेवलं, आता व्याख्येबाहेर.

‘मोबदला’ खोडलं. जेवायची सुट्टी झाली म्हणून जेवले.

१० मार्च

मोठ्या मागणीचा पहिला माल गेला. व्यापारी आता फक्त माझ्याशी बोलतो. भाऊजी शेजारी उभे असले तरी. ठोकळ्याचं लाकूड बदलायचं होतं. लाकडातलं मला ओ की ठो कळत नाही, मी भाऊजींकडे वळून विचारलं, त्यांनी मला सांगितलं, मी व्यापाऱ्याला सांगितलं. तिघंही हाताच्या अंतरावर.

संध्याकाळी भाऊजी दारात येऊन उभे राहिले. ‘उद्या दुपारी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ का?’

‘मला काय विचारता?’

‘नाही, माल द्यायचाय ना परवा. म्हणून.’

मी जा म्हटलं. त्यांनी मान हलवली. परवानगी मिळाल्यासारखी.

१२ मार्च

‘शाही’ म्हटलं की कोणीतरी गादीवर हवा. राजेशाहीला राजा आहे. हुकूमशाहीला हुकूम सोडणारा आहे. इथे गादीवर कोण? भांडवल म्हणजे काय — पडून राहिलेला पैसा भांडवल नाही. भाऊजींचं मशीन कोपऱ्यात बंद असेल तर ते लोखंड आहे. त्याच्यापुढे कोणीतरी बसलं, आणि बसणाऱ्याचं ते नसलं, की मग.

हे नोंदीत घालता येणार नाही. लोखंडाची नोंद वेगळी आहे.

१८ मार्च

माल पुरा पडेना. व्यापाऱ्याने सुचवलं, कातरायला माणूस ठेवा. समोरच्या घरातली शेजारीण यायला लागली. ब्रशामागे इतके असं ठरलं. हात सफाईदार आहे. पूर्वी कुठे तरी शिवणकाम करायची.

ती त्याच्या जागेवर बसली. मला वाटलं होतं, काहीतरी होईल मला. काही झालं नाही. खुर्ची साधी खुर्ची निघाली.

जाऊबाई मात्र उठून आत गेल्या. भांडी आपटल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

२२ मार्च

रविवार. टेबलाशी जाऊबाई आणि मीच. त्या जुड्या ओढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘शेजारणीला ब्रशामागे किती देतेस?’

सांगितलं.

‘ती केस कापते, मी केस लावते. कापण्याला पैसे आहेत, लावण्याला नाहीत?’

मला वाटलं, चेष्टा. म्हटलं, ‘डबा आहे ना. घ्या हवे तेवढे.’

‘डब्यात हात घालताना आता तुझ्याकडे बघावं लागतं.’

‘मी कधी काही म्हटलं?’

‘नाही म्हटलंस. तेच सांगतेय.’ त्यांनी तार ओढून पिळली, पकडीने तोडली. ‘तू काही म्हणत नाहीस. रागवत नाहीस, रडत नाहीस. भांडायला यावं तर समोर कोणी सापडत नाही. पूर्वी समोर आई असायच्या, दोन शब्द ऐकवायच्या, मी दोन ऐकवायचे, मिटलं. आता व्यापारी पैसे तुझ्या हातात देतो, तू डब्यात टाकतेस, आणि मला साडी घ्यायची तर आठवडाभर विचार करते, हे आत्ता घ्यावं का. यांनी काल दाढीचं पातं घ्यायला मला विचारलं. म्हटलं, मला काय विचारता, मालकिणीला विचारा. ते खरंच तुझ्या खोलीकडे निघाले होते.’

मी हातातला ब्रश उलटा करून पाहिला.

‘त्यापेक्षा रोज ठरव. ब्रशावर नको, मला मधे मधे आईंना उठवायचं-बसवायचं असतं. दिवसावर ठेव. दिवस भरला की माझे पैसे माझे. मग मी कुणाकडे बघणार नाही.’

मला या घराखेरीज कोणी नाही. तो गेल्यावर मी आठ-आठ दिवस उठले नव्हते. या बाईने मला मोरीत बसवून माझे केस धुतले. विंचरले. ‘गुंता झालाय नुसता, ब्रशाला लावते बघ आता’ म्हणाल्या होत्या. हसत, रडत. त्यांच्या हाताचा दाब अजून डोक्याला ठाऊक आहे. त्या बाईला मी रोज किती द्यायचा?

नाही म्हटलं तर मी त्यांना फुकट राबवून घेणारी. हो म्हटलं तर पैसे देऊन राबवून घेणारी. तिसरं काहीतरी फेब्रुवारीपर्यंत होतं. तिथे बसून शोधत राहिले. सापडेना.

‘बरं,’ म्हटलं.

जाऊबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांना दुसरं उत्तर हवं होतं. मला ते ओळखूही आलं, पण तोवर त्यांनी पुढची जुडी उचलली होती.

२३ मार्च

सासूबाई: ‘सुनेला मजुरी? मग मी केस निवडते, मलाही द्या.’

जाऊबाई: ‘तुमचं वय झालं आई, तुम्हाला निवृत्त केलंय. मालकिणीने जेवणखाण चालू ठेवलंय, गप खा.’

सासूबाई हसल्या नाहीत. आज खाली आल्या नाहीत. केस मी निवडले.

३० मार्च

मी चुकीचं शोधत होते. सुरू कुणी केलं ते शोधत होते. प्राध्यापकही तेच शोधत बसले असणार, म्हणून नावं लिहीत आणि खोडत गेले.

विकता येणं जुनं आहे. विकल्याशिवाय न भागणं, हे नवं. बाजार आधी गावाबाहेर असतो — आठवड्यातून एकदा जायचं, मीठ आणायचं, परत यायचं. मग एक दिवस परत यायला जागाच नसते. माणूस बाजारात राहायला आलेला असतो. त्या दिवशी दवंडी पिटत नाहीत. बहुधा तो दिवस बरा गेलेला असतो. भाव चांगला आलेला असतो.

खर्डा: ‘ज्या व्यवस्थेत जगायला लागणारं सगळं बाजारातूनच आणावं लागतं, आणि म्हणून प्रत्येकाला काहीतरी विकावंच लागतं — माल, नाहीतर स्वतःचा दिवस — ती भांडवलशाही. ज्यांना स्वतःचा दिवसही विकू दिला नाही, ज्यांनाच विकलं, त्यांचे कष्ट हाही तिच्या पायाचा भाग आहे.’

पूर्णविरामांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. ‘वाक्य सुंदर आहे. म्हणून काढा.’

मग म्हणाले, ‘राहू दे. पण तारीख?’

‘तारखेला कुणाला कळलं नसेल, सर.’

‘त्यांना नसेल. कोशाला कळायला हवं.’

४ एप्रिल

व्यापारी केसांचा नमुना घेऊन आला. जाऊबाईंना म्हणाला, हे चालतील का. त्या म्हणाल्या, ‘त्यांना विचारा.’

‘त्यांना’ म्हणजे मला. परक्यासमोर मान ठेवला, असं धरून चालले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात: ‘तुम्हाला चहा ठेवू?’

स्वयंपाकघरात परकं कोणी नव्हतं. चेहऱ्यावर चेष्टाही नव्हती. इतकी वर्षं ‘अगं’, ‘धाकटे’, ‘मेले’. मोठ्या जावेने धाकटीला अहोजाहो करताना मी कुठे ऐकलेलं नाही.

चहा घेतला. साखर बरोबर होती.

९ एप्रिल

मुद्रितं आली. माझ्या नोंदीत दुसऱ्या वाक्याची जागा अजून कोरी. तपासणारी हातात पान घेऊन आली. ‘बाई, भांडवलशाहीखाली तुम्ही लिहिलंय, पहा मजुरी. मजुरीखाली आधीच लिहिलेलं आहे, पहा भांडवलशाही. वाचकाने काय करायचं? गरगर फिरायचं?’

एक दुवा काढायला हवा. कुठला ते ठरेना. तिनेच काढला.

१५ एप्रिल

आज ठरवून व्यापाऱ्याच्या गोदामात गेले. म्हटलं, करारावरचं माझं नाव काढा. भाऊजींचं घाला, सासूबाईंचं घाला, नाहीतर करारच नको. पूर्वीसारखं तोंडी.

त्याने पाणी दिलं. म्हणाला, ‘ताई, नाव बदलून काय होणार? तुमच्या जागी ते. बाकी तेच.’

‘आणि करार मोडला तर?’

‘मोडा. माल दुसऱ्याकडून घेईन. मला राग नाही. पण पूर्वीसारखं तोंडी घ्यायला आता मीच पूर्वीसारखा नाही. माझ्यावरही कागद आहे.’

खरंच राग नव्हता. मला गोदामाच्या दारापर्यंत सोडायला आला.

भाऊजी म्हणाले, थांब, जुनी दुकानं आहेत आपली. सायकल काढून गेले. तीन-चार दुकानं फिरून आले. सगळी आता घाऊकवाल्याकडूनच घेतात. आमचेच ब्रश, त्याच्याकडून. एकाने भाऊजींना आमचाच ब्रश दाखवला आणि म्हणाला, माल बघा किती छान येतो हल्ली.

रात्रीच्या जेवणाआधी जाऊबाईंना सांगितलं, ‘मी करार मोडते. पुन्हा डबा ठेवू.’

त्या भाजी चिरत होत्या. चिरतच राहिल्या.

‘मोडा. मग खायचं काय — तुमचा कोश?’

‘तुम्ही मला तुम्ही म्हणू नका.’

‘मग काय म्हणू? रोज घेते ना मी.’ आवाज शांत. ‘बघा, मला राग नाही.’

आज दिवसभरात राग नसलेले दोघे भेटले.

२२ एप्रिल

दुसरं वाक्य लिहिलं. ‘सोळाव्या शतकापासून इंग्लंडच्या ग्रामीण भागात सामायिक जमिनींना कुंपणं पडत गेली तेव्हा तिचं रूप दिसू लागलं, पुढच्या दोन शतकांत समुद्रापारच्या मळ्यांत गुलामांच्या कष्टांवर ती वाढली, अठराव्या शतकाच्या अखेरीस यंत्रांबरोबर तिचा जम बसला आणि तिला नाव मात्र एकोणिसाव्या शतकात मिळालं.’

चारांतले तीन ढीग एका वाक्यात बसले. इटली चौकटीत घातली.

पूर्णविरामांनी शेवटी स्वतःच्या हाताने टिंब दिलं. म्हणाले, ‘झालं. आता कुणी वाद घालणार नाही.’

नोंद बरोबर आहे. कुठेही बोट ठेवता येणार नाही. वाचताना तिच्यात एकही माणूस उठून बसत नाही, पण तो कोशाचा नियमच आहे.

३० एप्रिल

खंड छपाईला गेला. त्याबरोबर आमच्या नेमणुकाही संपल्या. पुढचा खंड निघाला तर कळवू, म्हणाले. ‘म’ मोठा आहे, पैसे उभे राहायला वेळ लागेल.

पानं लावणाऱ्याने हात जोडले. ‘बाई, तुम्हाला काय चिंता. तुमचा तर कारखाना आहे.’

कारखाना. दारावर पाटी नाही, आत एक टेबल आहे. पण मी नाही म्हटलं नाही.

११ मे

आता दिवसभर खालीच असते. कातरायला शेजारीण, भरायला जाऊबाई, भोकं पाडायला भाऊजी. त्यांनीही मागच्या आठवड्यात सांगितलं, मलाही रोजावरच ठेव, हिशेबाला बरं. मी मोजते, बांधते, व्यापाऱ्याशी बोलते. टेबलावर पूर्वी सतत कुणाची तरी तक्रार चालू असायची — तार जाड आली, तू माझी पकड घेतलीस, चहा कुठाय. आता काम चालतं.

ब्रश जास्त होतात. हेही लिहायला हवं. घरात नवा पंखा आला.

२६ मे

सासूबाईंना ताप. डॉक्टर येऊन गेले. छातीत कफ आहे, म्हणाले, रात्री कोणीतरी जवळ हवं, बसतं करावं लागेल.

मी म्हटलं, मी बसते.

जाऊबाई म्हणाल्या, ‘तुम्हाला सकाळी माल मोजून द्यायचा असतो. मी बघते.’

२९ मे

ताप उतरत नाही. इस्पितळांचा माल सोमवारी संध्याकाळपर्यंत हवा. व्यापाऱ्याचा निरोप आला, उशीर झाला तर पुढची मागणी दुसऱ्याकडे जाईल, त्याच्या हातात नाही.

सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, ‘तुझं नाव घातलं ते बरं झालं. तुला आधार झाला.’

‘हो, आई,’ म्हटलं.

१ जून

जाऊबाई आज कामावर उशिरा आल्या. रात्रभर आईंच्या उशाशी बसल्या होत्या. मला ठाऊक होतं. तरी मी घड्याळ पाहिलं.

मी पाहिलं ते त्यांनी पाहिलं. ‘अर्धाच रोज धरा,’ म्हणाल्या, आणि जुडी उचलली.

मी अर्धा धरला.